संशयाने तारलेल्या सागा

इ.स. १००० च्या सुमारास नॉर्वेचा राजा ओलाफ त्रिग्वासोन आपला ताफा घेऊन घराकडे परतत असताना तीन शत्रूंनी त्याला वाटेत गाठले. डेन्मार्कचा राजा स्वेन, स्वीडनचा राजा ओलोफ आणि नॉर्वेतून परागंदा झालेला सरदार एरिक हे ते तिघे. आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोनने १२३० च्या आसपास ही स्वोल्डरची लढाई अशी लिहिली आहे की वाचणाऱ्याला आपणही किनाऱ्यावर उभे आहोत असे वाटावे. ओलाफची जहाजे एकामागून एक पुढे सरकतात. मोठे जहाज दिसले की पाहणाऱ्यांना वाटते, हाच तो ओलाफचा नामांकित ‘लांब नाग’. आणि दर वेळी कोणी जाणता सांगतो, तो अजून यायचा आहे. मग लढाई जुंपते. राजाचा तिरंदाज आइनार याचे धनुष्य मोडते, काय मोडले असे राजा विचारतो, आणि नॉर्वेच तुमच्या हातून निसटले अशा अर्थाचे उत्तर तिरंदाज देतो. शेवटी हरलेला राजा समुद्रात उडी घेतो आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. या सगळ्या वैराचे मूळही स्नोरीने दिले आहे. सिग्रिड नावाच्या मानी राणीने बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला म्हणून ओलाफने तिच्या तोंडावर हातमोजा मारला होता. तो अपमान तिने विसरला नाही, आणि पुढे स्वेनशी लग्न करून त्याला युद्धाला उभे केले.

१९११ मध्ये लाउरित्स वेइबुल यांनी या चित्राला हात घातला. ते दक्षिण स्वीडनमधील लुंडच्या अभिलेखागारात काम करत होते. इ.स. १००० च्या आसपासच्या उत्तरेकडील इतिहासाची चिकित्सा करणारे त्यांचे पुस्तक आकाराने लहान आहे आणि पद्धत सांगायला सोपी. घटना घडली तेव्हा कोण हयात होते, त्याने काय लिहिले किंवा रचले, नंतरच्या लेखकाने त्यात काय घातले आणि ते त्याला कुठून मिळाले, एवढेच ते विचारतात. दहा ग्रंथ एकच गोष्ट सांगत असतील आणि नऊ जणांनी ती पहिल्याकडूनच उचलली असेल, तर साक्षीदार एकच धरायचा. स्वोल्डरच्या लढाईला ही कसोटी लावल्यावर हाती राहिले ते इतके: दरबारी भाटांची काही समकालीन कडवी, आणि ब्रेमेनच्या आदाम या जर्मन धर्मोपदेशकाने १०७० च्या दशकात लिहिलेला त्रोटक मजकूर. आदामला माहिती पुरवणारा मुख्य माणूस होता डेन्मार्कचा राजा, म्हणजे त्या लढाईत जिंकलेल्या स्वेनचाच नातू. त्यामुळे तीही साक्ष निर्मळ नाही. आदाम लढाई ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत झाली म्हणतो, तर सागा, म्हणजे स्नोरीच्या राजचरित्रांसारख्या जुन्या नॉर्स गद्यकथा, ती दूर बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्याजवळ नेतात. सिग्रिड राणी तर समकालीन साक्षीत कुठेच सापडत नाही. जहाजे एकामागून एक येण्याचा तो रम्य प्रसंगही उसना निघतो. बुरुजावर उभा असलेला लोंबार्ड राजा शार्लमेनच्या सैन्याची एकेक तुकडी पाहून ‘हाच का तो?’ असे विचारत राहतो, ही गोष्ट सेंट गालच्या मठातील नोटकर या भिक्षूने नवव्या शतकातच लिहिली होती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. मराठी वाचकाला इथे वि. का. राजवाडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती त्यांनी १८९८ मध्ये घेतली, ती याच जातीची होती.

वेइबुल यांच्या पुस्तकाने अनेकांची मने दुखावली, आणि का दुखावली हे समजून घेणे आवश्यक आहे. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र राष्ट्र झाला. चार शतके डेन्मार्कच्या आणि मग नव्वद वर्षे स्वीडनच्या छत्राखाली काढलेल्या या देशाला स्वतःचा भूतकाळ हवा होता, आणि तो स्नोरीच्या राजचरित्रांत तयार मिळत होता. एकोणिसावे शतक सरता सरता त्या ग्रंथाची सचित्र आवृत्ती निघाली. क्रिश्चन क्रोग, एरिक वेरेन्शिओल्ड यांच्यासारख्या नामवंत चित्रकारांनी त्यात चित्रे काढली आणि ती पुस्तके घरोघर गेली. त्या चित्रांतले राजे लोकांना आपले पूर्वज वाटत होते. अशा वेळी एक स्वीडिश अभ्यासक उठून यातले फारसे काही सिद्ध होत नाही म्हणतो, तेव्हा त्यात लोकांना शेजाऱ्याचा जुना अहंकार दिसला तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही त्या चित्रांचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या क्विस्लिंगच्या नॉर्वेजियन पक्षाने बोरे आणि स्तिक्लेस्ताद या सागांमधल्या जागी मेळावे भरवले. हिमलरच्या एसएसने आपल्या एका डिव्हिजनला ‘विकिंग’ नाव दिले, आणि हेडेबी या व्हायकिंगकालीन व्यापारी शहराचे उत्खननही एसएसच्याच संशोधनसंस्थेच्या ताब्यात गेले. वेइबुल यांच्या पुस्तकाने हा गैरवापर थांबला, असा दावा कोणी करू नये. तो थांबला नाही. पण ज्या ग्रंथाला प्रश्न विचारायची सवय समाजाला नाही, तो ग्रंथ हवा त्याला हवा तसा वापरता येतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

माझे म्हणणे असे आहे की गेल्या शंभर वर्षांत स्कँडिनेव्हियाच्या इतिहासाबद्दल जे काही नवे आणि टिकाऊ कळले, त्याचा पाया या संशयाने घातला. आणि संशयाची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागली त्या सागांनाच त्याचा सर्वांत अधिक लाभ झाला. हे वेइबुल यांना स्वतःला मान्य झाले असते असे नाही. त्यांच्या लेखी खोटी साक्ष म्हणजे टाकून देण्याची वस्तू होती. पुढचे पाऊल नॉर्वेच्या हाल्वदान कोह्त यांनी टाकले. हे मजूर पक्षाचे पुढारी, पुढे परराष्ट्रमंत्री. १९४० मध्ये जर्मनीने आक्रमण केले तेव्हा ते त्याच पदावर होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी मांडले की सागा दहाव्या शतकाबद्दल काय सांगतात हा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्या तेराव्या शतकाबद्दल काय सांगतात ते पाहा. राजसत्ता आणि सरदार यांच्यातला झगडा सागांमध्ये पानोपानी आहे, कारण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोच चालू होता.

स्नोरीच्या बाबतीत हे किती खरे आहे ते एकाच प्रसंगावरून दिसते. उपसालाच्या लोकसभेत थोर्ग्नी नावाचा वृद्ध कायदेपंडित उभा राहतो आणि स्वीडनच्या राजाला तोंडावर बजावतो: नॉर्वेशी तह कर, नाहीतर तुझ्यासारखे उद्दाम राजे आमच्या पूर्वजांनी बुडवून मारले आहेत, तीच गत तुझी करू. हा प्रसंग १०१८ च्या आसपासचा म्हणून दिलेला आहे आणि स्वीडिश स्वातंत्र्यप्रेमाचा दाखला म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या मिरवला गेला. वेइबुल यांच्या कसोटीवर तो क्षणभरही टिकत नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे, परदेशातल्या सभेतले भाषण स्नोरीला शब्दशः कुठून मिळणार? पण आता लेखकाकडे पाहा. स्नोरी स्वतः आइसलँडच्या लोकसभेचा कायदावक्ता होता, तेही दोनदा. १२१८ मध्ये तो नॉर्वेच्या दरबारी गेला, मानमरातब घेऊन परतला, मग राजाच्या मर्जीतून उतरला. १२४१ मध्ये राजा होकोनच्या बाजूच्या माणसांनी रेकहोल्ट येथे त्याच्या घरात घुसून त्याला तळघरात ठार केले. दोन दशकांनी आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले. थोर्ग्नीचे भाषण अकराव्या शतकातल्या उपसालाचा पुरावा म्हणून निकामी असले, तरी राजाला मर्यादा असावी की नसावी हा प्रश्न ज्याच्या जिवावर बेतला होता त्या माणसाच्या मनातला विचार म्हणून त्याला तोड नाही. हा दुसरा पुरावा पहिला नाकारल्यावरच हाती आला. भाषण खरे आहे असे मानणाऱ्या वाचकाला त्यात स्नोरी कधीच दिसला नसता.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो वेइबुल यांच्याच परंपरेतून येतो. ग्रंथ घटनेचा पुरावा नाही असे म्हणायचे आणि मग ‘समाजाचा पुरावा’ म्हणून त्याला मागच्या दाराने आत घ्यायचे, ही फसवणूक नाही का? आइसलँडमध्ये हा वाद फार खोल गेला. सिगुर्दुर नोर्दाल यांनी १९४० मध्ये ‘ह्राफ्नकेलची सागा’ ही एका कुशल लेखकाची कल्पित कथा असल्याचे दाखवले. तिच्यातली काही माणसे कधी अस्तित्वात असल्याचाही भरवसा देता येत नाही. चार वर्षांनी आइसलँड प्रजासत्ताक झाला. याही संशयाला आपले राजकारण होते हे लपवू नये. सागा लोकांच्या तोंडून वाहत आल्या नसून प्रतिभावान आइसलँडी लेखकांनी रचल्या, ही भूमिका नव्या राष्ट्राच्या अभिमानाला पोषकच होती. १९७० नंतर मानववंशशास्त्राकडून आलेल्या अभ्यासकांनी पुन्हा बाजू बदलली. विल्यम इयन मिलर यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात सागा आणि ‘ग्रागास’ हा कायदेसंग्रह शेजारी ठेवून दाखवले की राजा नाही, पोलीस नाहीत, निकाल अमलात आणणारी यंत्रणा नाही अशा समाजात सूड, भरपाई आणि मध्यस्थी यांचा हिशोब कसा चालत असे. एका खुनाची किंमत काय, अपमानाला उत्तर किती दिवसांत द्यायचे, कोणाच्या बाजूने किती माणसे सभेला नेता येतील, हे सागेतल्या पात्रांना तोंडपाठ असते. आक्षेपाला माझे उत्तर असे की लेखक नायक कल्पू शकतो, त्याचे मरण कल्पू शकतो. पण ज्या वाचकांसाठी तो लिहितो त्यांना रोज जगावा लागणारा व्यवहार त्याला मनाने रचता येत नाही, कारण तसे केले तर गोष्टच कोणाला पटणार नाही. अर्थात हा व्यवहार तेराव्या शतकातला की दहाव्या, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते, आणि सागांच्या प्रेमात पडलेले अभ्यासक हे तपासायला अनेकदा विसरले आहेत. एवढ्यापुरता आक्षेप खराच आहे.

संशय म्हणजे सरसकट नकार, असाही एक समज आहे. तो खोडून काढायला आरी थोर्गिल्सोन पुरेसा आहे. ११३० च्या आसपास त्याने आइसलँडचा छोटेखानी इतिहास मातृभाषेत लिहिला. स्नोरीच्या आधी शंभर वर्षे लिहिणारा हा माणूस आपली माहिती कोणाकडून आली ते नावानिशी देतो, आणि सांगणारा विश्वासू का मानला तेही लिहितो. त्याचा पालक हाल याला थांगब्रांड नावाच्या मिशनऱ्याने तीन वर्षांचा असताना बाप्तिस्मा दिला होता. आइसलँडने ख्रिस्ती धर्म कायद्याने स्वीकारण्याच्या एक हिवाळा आधीची ही गोष्ट हालला आठवत होती. सात वर्षांचा आरी त्याच्या घरी आला आणि चौदा वर्षे राहिला. म्हणजे इ.स. १००० च्या आसपासच्या घटनेपासून लेखणीपर्यंत एकच आयुष्य मध्ये आहे. वेइबुल यांच्या कसोटीला उतरणारी साक्ष हवी असेल तर ती ही. आरी म्हणतो की आइसलँडमध्ये वस्ती सुरू झाली ती डेन लोकांनी इंग्लंडचा राजा एडमंड याला मारले त्या सुमारास, म्हणजे ८७० च्या आसपास. आणि तेव्हा डोंगरापासून समुद्रापर्यंत झाडी होती. आइसलँडच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडतो. वस्तीच्या बहुतेक खुणा त्या थराच्या वर आहेत. ग्रीनलँडच्या हिमथरांत तीच राख सापडल्यावर तिचा काळ ८७० च्या दशकात बसला. मातीतल्या जुन्या परागकणांनी बर्चच्या झाडीचीही साक्ष दिली. आरीने राख पाहिली नव्हती आणि राखेने आरी वाचला नव्हता. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणजे काय होते ते इथे दिसते, आणि संशयी इतिहासकाराला अशा जुळण्याचा आनंद इतरांपेक्षा जास्त होतो, कारण त्याने ती गृहीत धरलेली नसते.

विनलँडचे प्रकरण मात्र संशयाच्या विरोधात नेहमी पुढे केले जाते. ग्रीनलँडमधल्या नॉर्स लोकांनी पश्चिमेकडे जाऊन विनलँड हा नवा प्रदेश पाहिला असे दोन सागा सांगतात. त्या दोघींचे एकमेकींशी पटत नाही: एकीत तो किनारा आधी ब्यार्नी नावाचा दर्यावर्दी पाहतो आणि मग लेइफ तिथे मुद्दाम जातो, दुसरीत लेइफ वाट चुकून तिथे पोहोचतो, सफरी किती झाल्या यावरही एकमत नाही. नॉर्वेचे शोधक हेल्गे इंगस्टाड यांनी तरी त्यांवर भिस्त ठेवली. १९६० मध्ये न्यूफाउंडलँडच्या उत्तर टोकावर लान्स-ओ-मेडोज या मच्छीमारांच्या गावी जॉर्ज डेकर नावाच्या रहिवाशाने त्यांना गवताने झाकलेले उंचवटे दाखवले, आणि पुढची काही वर्षे त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीने इंगस्टाड यांनी तिथे उत्खनन केले. मातीच्या भिंतींची आठ बांधकामे, लोखंड गाळल्याची मळी, कांस्याची कडी असलेली टाचणी, सूत कातायच्या चातीचे दगडी वजन असे सगळे निघाले. मग विश्वास जिंकला आणि संशय हरला, असे नाही का? मला तसे वाटत नाही. सागांनी दिशा दाखवली, पण सिद्ध केले ते टाचणीने आणि चातीने. आणि जे सिद्ध झाले ते सागांच्या वर्णनाशी जसेच्या तसे जुळत नाही. सागांमधल्या विनलँडात द्राक्षे आहेत, पण तिथे द्राक्षे पिकत नाहीत. मात्र बटरनट नावाच्या अक्रोडाच्या जातीची फळे सापडली, जी त्या बेटावर होत नाहीत, अधिक दक्षिणेला होतात. याचा अर्थ हे ठाणे पुढे जाण्यासाठी थांबायची जागा असावे, असा निष्कर्ष निघाला. सागा आंधळेपणाने वाचणारा लेइफचे घर सापडले म्हणून तिथेच थांबला असता.

त्याच विनलँडची दुसरी बाजूही आहे. १९६५ मध्ये येल विद्यापीठाने मोठ्या गाजावाजात एक नकाशा जगापुढे ठेवला. तो पंधराव्या शतकातला आणि त्यावर विनलँड बेट काढलेले, असा दावा होता. लोकांना हवे होते तेच त्यात होते. १९७४ मध्ये शाईच्या तपासणीत टायटॅनियमचे असे संयुग सापडले जे विसाव्या शतकातच रंगांत वापरात आले, तरीही वाद पन्नास वर्षे चालला, कारण नकाशा खरा ठरावा अशी इच्छा पुष्कळांची होती. २०२१ मध्ये येलने स्वतःच तो बनावट असल्याचे जाहीर केले. काही आठवड्यांतच लान्स-ओ-मेडोजच्या लाकडांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. इ.स. ९९३ मध्ये अवकाशातून आलेल्या किरणांच्या लोंढ्याची खूण जगभरच्या झाडांच्या वर्षवलयांत उमटलेली आहे. तिथे सापडलेल्या धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडांत संशोधकांनी ती खूण शोधली आणि तिच्यापासून सालीपर्यंतची वलये मोजली: अठ्ठावीस. म्हणजे झाडे १०२१ मध्ये तोडली. युरोपातून आलेली माणसे अमेरिकेत अमुक वर्षी होती असे नेमके वर्ष देणारा इतका जुना पुरावा दुसरा नाही. नकाशाला मान देणारी वृत्ती आणि वलये मोजणारी वृत्ती या एकाच विद्येच्या दोन छटा नव्हेत. त्यांच्यात मूलभूत फरक आहे, आणि वलये मोजणारी वृत्ती वेइबुल यांच्या घराण्यातली आहे.

ग्रंथ ज्याबद्दल गप्प आहेत तेही या चिकित्सेमुळेच नजरेत आले. सागांमधले पुरुष पश्चिमेकडे जातात, इंग्लंडच्या राजांशी लढतात. पण १९९९ मध्ये गोटलंड बेटावर स्पिलिंग्स येथे सुमारे ६७ किलो चांदीचा साठा मिळाला, त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक अरबी लिपीतली. स्टॉकहोमजवळ हेल्ग्यो येथे १९५६ मध्ये बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती निघाली. ती सहाव्या शतकाच्या आसपासची आणि भारतीय उपखंडाच्या वायव्येकडची मानतात. ती किती हातांतून फिरत मेलारेन सरोवरापाशी पोहोचली असेल ते सांगता येत नाही. व्हायकिंग काळाची अर्थव्यवस्था व्होल्गा आणि नीपरवरून पूर्वेला किती बांधलेली होती, हे राजचरित्रे वाचून कळले नसते.

आता उलट बाजूचा आक्षेप येतो: मग ग्रंथ हवेत कशाला? हाडे, जनुके, समस्थानिके आहेत ना? विज्ञानाला पक्षपात नसतो, असे अनेकांना मनापासून वाटते. स्वीडनमधील बिर्का येथील ५८१ क्रमांकाची व्हायकिंगकालीन कबर पाहा. ह्याल्मार स्तोल्पे यांनी ती १८७८ मध्ये खणली. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, सुरा, दोन ढाली, दोन घोडे, आणि पटावर खेळायच्या सोंगट्या. शंभराहून अधिक वर्षे ती नामांकित योद्ध्याची कबर होती, आणि योद्धा म्हणजे पुरुष हे कोणी तपासले नाही. हाडांवरून काही अभ्यासकांनी शंका काढली होती, पण ती मागे पडली. २०१७ मध्ये जनुकीय तपासणीने हाडे स्त्रीची ठरवली. लगेच प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. हाडे याच कबरीतली कशावरून? शस्त्रे शेजारी असली म्हणजे ती चालवली होती असे कशावरून? हे प्रश्न रास्तच होते. पण संशोधकांनी उत्तरात जे म्हटले तेही तितकेच रास्त आहे: मृत व्यक्ती पुरुष मानली जात होती तोवर हे प्रश्न कोणी विचारले नव्हते. जनुके गुणसूत्रे सांगतात. ती बाई काय होती, लोक तिला काय समजत, हे सांगत नाहीत. २०२० मधील ४४२ व्यक्तींच्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासात ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने पुरलेली काही माणसे वंशाने स्थानिकच निघाली. प्रयोगशाळेचा निकालही एक साक्षच असतो; तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि कोणत्या नाही, हे विचारायचे काम उरतेच.

या सगळ्या साक्षी एकत्र कशा वाचायच्या याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण ‘लाक्सदालची सागा’ देते. होस्कुल्द नावाचा आइसलँडी सरदार ब्रेन्न्यो बेटांवरच्या बाजारात जातो. रशियन टोपी घातलेला गिल्ली नावाचा श्रीमंत व्यापारी तंबूतला पडदा बाजूला करतो. आत बारा बायका बसलेल्या. बाकीच्यांची किंमत एकेक मार्क चांदी. होस्कुल्द जिच्यावर बोट ठेवतो तिची तीन, आणि ती मुकी आहे असेही व्यापारी प्रामाणिकपणे सांगतो. तो तिला विकत घेऊन घरी आणतो, तिला मुलगा होतो. मूल दोन वर्षांचे असताना एका सकाळी होस्कुल्दला ओढ्याकाठी बोलणे ऐकू येते: मुकी बाई मुलाशी बोलत असते. मग ती सांगते, माझे नाव मेल्कोर्का, आयर्लंडच्या राजाची मी मुलगी, पंधराव्या वर्षी मला पळवून आणले. वेइबुल यांच्या कसोटीवर यातले काहीच टिकत नाही. राजकन्या तर नक्कीच लेखकाने घातलेली वाटते. दासीच्या पोटी जन्मलेल्या नामांकित पूर्वजाला राजघराण्याचे रक्त देण्याची ही युक्ती ओळखीची आहे. पण आइसलँडच्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास २००० च्या सुमारास झाला तेव्हा दिसले की पितृवंशांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्कँडिनेव्हियातून आलेले आहेत, तर मातृवंशांपैकी निम्म्याहून अधिक स्कॉटलंड-आयर्लंडकडचे. मूळ वसाहतवाल्यांची नावनिशी देणारा ‘लांदनामाबोक’ हा ग्रंथ मुख्यतः नॉर्वेतून आलेल्या पुरुषांची गणती करतो. ज्या बायकांपासून निम्मा देश झाला त्यांना त्यात फारशी जागा नाही.

यावर हरकत घेता येते आणि घेतली गेली आहे. या सर्व बायका दासी होत्या असे जनुके म्हणत नाहीत. हेब्रिडीज बेटांवर दोन पिढ्या राहिलेल्या नॉर्स कुटुंबांत तिथल्या बायका लग्न करून आल्या असतील. औद ही श्रीमंत विधवा तिकडूनच मोठा परिवार घेऊन आली, आणि तिच्याबरोबर तिने मुक्त केलेले दासही होते. हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण मेल्कोर्काच्या गोष्टीत लेखकाला महत्त्वाची न वाटलेली एक गोष्ट आहे, आणि तिथेच त्याची साक्ष भरवशाची होते: बाजार, पडदा, एका मार्काचा दर, आणि एकीचे राजकन्यापण खुलवताना बिननावाच्या राहिलेल्या अकरा जणी. राजकन्या त्याला सिद्ध करायची होती. बाजार त्याने वाचकाला माहीत असलेली बाब म्हणून जाता जाता लिहिला. आणि या बाजाराला सागेबाहेरचा, तिच्याहून कितीतरी जुना साक्षीदार आहे. आयर्लंडच्या अल्स्टर वर्षनोंदींत ८२१ सालाखाली आहे की परधर्मीयांनी एतार, म्हणजे डब्लिनजवळचे आजचे हाउथ, लुटले आणि तिथून पुष्कळ बायका कैद करून नेल्या. नावे नाहीत, आकडा नाही, राजकन्या नाही. नोंदीतल्या साली आइसलँडमध्ये नॉर्स वस्तीही सुरू झाली नव्हती, लाक्सदालच्या लेखकाने ही नोंद पाहिल्याचे कुठे दिसत नाही, आणि जनुके मोजणाऱ्या प्रयोगशाळेला दोघांचीही गरज पडली नाही.